समुद्र ते समुद्र, शनिवार ते शुक्रवार

(दृश्य: व्हाइटहेवनचं बंदर. दगडी उतारावरून एक सायकल उलटी, मागचं चाक पुढे करून, पाण्यात नेली जाते.)

मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि निघायचं. इंग्लंडची रुंदी ओलांडून पुढचं चाक नॉर्थ सीमध्ये भिजलं, की सफर पुरी. अंतर साधारण 225 किलोमीटर. वाटेचं नाव 'सी टू सी'. सस्ट्रान्स या संस्थेने ती 1994 मध्ये खुली केली.

ज्यांनी 200 ची बीआरएम, म्हणजे 200 किलोमीटरची ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत मारली आहे, ते म्हणतील, यात आठवडा कसला घालवायचा? एका दिवसात हे अंतर कापणारेही आहेत. त्यांना आपला नमस्कार. ही फिल्म बाकीच्यांसाठी आहे. सोबत वाटाड्या नको, गटाच्या घड्याळामागे धावायचं नाही, पण संध्याकाळी गरम पाणी आणि कोरडी गादी हवी, अशांसाठी.

आणि खरी गोम त्या गादीतच आहे. या सफरीत किलोमीटर मोजून दिवस पाडले, की गणित हमखास बिघडतं. आधी मुक्काम ठरवायचे, मग वार, आणि अंतर सगळ्यात शेवटी.

(दृश्य: नकाशा. पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारी रेघ.)

दिशा मात्र ठरलेली. इथे वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं. उलट दिशेने निघालात तर उघड्या माळावर उतारावरसुद्धा पायडल मारायची वेळ येते.

आता वार. निघायला शनिवार उत्तम. पहिला मुक्काम व्हाइटहेवन. जुनं कोळशाचं बंदर आहे, पर्यटकांची झुंबड नाही, त्यामुळे शनिवारीही खोली मिळण्याची शक्यता बरी. दुसरा मुक्काम केझिक. हे लेक डिस्ट्रिक्टमधलं लाडकं गाव, आणि इथली बरीच घरगुती लॉजं शनिवार-रविवारच्या जोडीला एका रात्रीचं बुकिंग घेतच नाहीत, दोन रात्री घ्या म्हणतात. तुम्ही तिथे रविवारी संध्याकाळी पोहोचता, गर्दी परतीच्या वाटेवर असते. पुढे सोमवारी पेनरिथ, मंगळवारी अ‍ॅल्स्टन, बुधवारी स्टॅनहोप, गुरुवारी टाइनमथ. शुक्रवारी परतीची गाडी. टाइनमथच्या शेजारच्या न्यूकॅसल परिसरात शनिवारी फुटबॉलचा सामना असला की हॉटेलांचे दर कुठल्या कुठे जातात. तुम्ही त्याआधीच निसटलेले असता. सप्टेंबरात ग्रेट नॉर्थ रन ही मोठी धावण्याची शर्यत तिथे असते, तो आठवडा सरळ टाळावा.

(दृश्य: कार्लाइल स्थानक. दोन डब्यांची छोटी गाडी.)

लंडनच्या यूस्टनहून कार्लाइलला जाणाऱ्या गाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. कार्लाइलहून व्हाइटहेवनला जाणाऱ्या किनाऱ्यावरच्या गाडीत बहुधा दोनच सायकली घेतात, आणि तिथे पहिला येईल त्याला जागा. चौघांचा गट असेल तर दोन-दोन करून वेगवेगळ्या गाड्यांनी जा. मुंबईहून स्वतःची सायकल खोक्यात भरून न्यायची हौस असेल तर न्या बापडे, पण रिकामं खोकं आठवडाभर कोण सांभाळणार, तेही ठरवा. सुरुवातीला ताब्यात घेऊन शेवटाला सोडता येते अशी भाड्याची सायकल या वाटेवर मिळते. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर बॅगा पोहोचवणाऱ्या गाड्याही आहेत. पाठीवर ओझं घेऊन चढण्यात काही पुण्य नाही.

(दृश्य: निळी पाटी, पांढरी सायकल, लाल चौकोनात आकडा.)

वाटेवर या पाट्या शोधायच्या. क्रमांक बदलत जातो: 71, मग 7, मग 14, शेवटी टाइन नदीच्या काठी 72. पाट्यांवरचं अंतर मैलांत असतं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढं एक बरं.

रविवार सोपा सुरू होतो. जुन्या खाणींच्या रेल्वेचे रूळ उखडून केलेली वाट हळूहळू वर चढते. व्हिनलॅटरची खिंड, 318 मीटर, हा पहिला खरा चढ. केझिकला पोहोचेपर्यंत साधारण 50 किलोमीटर झालेले असतात.

सोमवार मुद्दाम छोटा ठेवलाय. केझिकहून थ्रेलकेल्डकडे जाणारी जुनी रेल्वेवाट ग्रेटा नदीला पुन्हा पुन्हा ओलांडते. डिसेंबर 2015 मध्ये डेझमंड वादळाच्या पुराने इथले पूल वाहून गेले. वाट परत सुरू झाली डिसेंबर 2020 मध्ये. तेव्हा नवे पूल तर बांधलेच, पण महामार्गाच्या कामात गाडला गेलेला रेल्वेचा बोगदाही उकरून मोकळा केला. घाई करू नका. केझिकजवळच्या कॅसलरिगच्या शिळावर्तुळाला अर्धा तास द्या, तरी दुपारी पेनरिथ गाठाल.

(दृश्य: हार्टसाइडचा चढ. रस्त्याकडेला दगडी बांध, मेंढ्या. ढग खाली आलेले.)

मंगळवार. ईडन नदीच्या खोऱ्यातून हार्टसाइडच्या माथ्यावर, 580 मीटर. सिंहगड सायकलवर चढणाऱ्याला हा चढ सौम्य वाटेल. त्रास देतो तो चढ नव्हे, वारा. खाली खोऱ्यात टी-शर्टवर असलेला माणूस माथ्यावर जॅकेटची चेन शोधत असतो, आणि ओल्या हातमोज्यातून ती सापडत नाही. जुलैतसुद्धा. जुन्या माहितीपुस्तकांत 'माथ्यावर चहा' लिहिलेलं असतं. ते उपाहारगृह 2018 मध्ये जळून गेलं. थर्मास सोबत ठेवा. निघण्यापूर्वी ब्रेकचे गट्टूही बघा: ओल्या वाळूमातीत रबर भराभर झिजतं, आणि अ‍ॅल्स्टनकडचा उतार लांब आहे.

बुधवारच्या वाटेत दुकानं जवळपास नाहीत. त्यामुळे अ‍ॅल्स्टनमधून निघताना डबा भरून घ्या. इथल्या खेड्यांतल्या पबची स्वयंपाकघरं संध्याकाळी लवकर बंद होतात, काही तर आठवड्याचे ठरावीक दिवस उघडतच नाहीत, म्हणून रात्रीच्या जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा, नाहीतर चिप्सवर झोपावं लागेल.

(दृश्य: रूकहोपजवळची एकाकी दगडी कमान.)

हा दिवस माझ्या मते सगळ्या वाटेतला सगळ्यात भारी, आणि त्याचं कारण निसर्ग नाही. नेंटहेड हे अख्खं गाव शिशाच्या खाणींसाठी लंडन लेड कंपनीने वसवलं. त्यावरच्या ब्लॅक हिलवर तुम्ही 609 मीटरवर असता, ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकलवाटांच्या जाळ्यातल्या सर्वांत उंच जागी. मग अ‍ॅलनहेड्स, आणि परत एक चढ. रूकहोपच्या अलीकडे ही कमान उभी आहे. शिसं वितळवणाऱ्या भट्टीचा विषारी धूर गावात नको, म्हणून तो माळरानावर लांब नेऊन सोडणारं आडवं धुराडं अशा कमानींवरून जायचं. त्या धुराड्याच्या भिंतींवर शिसं साचायचं, आणि माणसं आत शिरून ते खरवडून काढायची. हिरवागार डोंगर दिसतो म्हणून ही जागा कायम अशीच शांत होती, असं समजू नका.

गुरुवारी सकाळी क्रॉलीसाइडचा खडा चढ. उतरून चाललात तरी कोणी हसत नाही. माथ्यानंतर मात्र वाट एकदम गोड होते. 1834 मध्ये सुरू झालेल्या रेल्वेच्या मार्गावरून कॉन्सेटपर्यंत जवळजवळ नुसतं उतरायचं. कॉन्सेटचा पोलाद कारखाना 1980 मध्ये बंद पडला. आज त्या बाजूला वाटेवर टोनी क्रॅग यांची दोन प्रचंड शिल्पं आहेत: जमीन मोजायची यंत्रं, खऱ्याच्या कितीतरी पट मोठी, स्टेनलेस स्टीलची.

इथे वाट फुटते. उजवीकडची संडरलंडला जाते. आपण टाइनमथची धरतो: डरवेंट नदीच्या काठाने खाली, मग टाइनच्या काठाने न्यूकॅसल, गेट्सहेडच्या 2001 च्या झुकणाऱ्या पुलावरून पलीकडे, आणि वॉल्सेंडच्या रोमन किल्ल्यावरून थेट समुद्र.

(दृश्य: टाइनमथचा किनारा. पुढचं चाक लाटेत.)

चाक भिजवून झाल्यावर साखळीवर गोडं पाणी ओता, खारं पाणी तिला एका रात्रीत गंज चढवतं. आणि शुक्रवारच्या हिशेबात एक गोष्ट धरा: लंडनची गाडी टाइनमथहून नाही, न्यूकॅसलहून सुटते. म्हणजे परत नदीकाठाने सुमारे 15 किलोमीटर, या वेळी पश्चिमेकडे, वाऱ्याला तोंड देत. अकराच्या आधीची गाडी घेऊ नका.