जतन केलेला दुवा आणि जोडलेला माणूस
(नाशिक येथे लघुउद्योजक व व्यापाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित उद्योजक बंधू-भगिनींनो,

येवल्याचा पैठणी विक्रेता, निफाडचा बेदाणे उत्पादक, भांडी बाजारातील तांब्या-पितळेचा दुकानदार आणि अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग तयार करणारा कारखानदार, या चौघांनाही हल्ली एकच सल्ला मिळतो : ‘सोशल मीडियावर या.’ सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण त्या एका नावाखाली दोन वेगळ्या स्वभावाची संकेतस्थळे एकत्र मोजली जातात. एका प्रकारात लोक आपल्याला उपयोगी वाटलेली पाने जतन करतात आणि इतरांनाही ती पाहू देतात. हे सोशल बुकमार्किंग. दुसऱ्या प्रकारात लोक ओळखीच्या किंवा आवडत्या माणसांशी जोडलेले राहतात. हे सोशल नेटवर्किंग. पहिल्या ठिकाणी ग्राहक कशाच्या तरी शोधात असतो, दुसऱ्या ठिकाणी तो कोणाच्या तरी सहवासात असतो. आपला वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे या फरकावरून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि आज मी तेच सविस्तर मांडणार आहे.

थोडा इतिहास आवश्यक आहे. आवडलेल्या पानाची खूण पूर्वी आपण आपल्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ठेवत असू. संगणक बदलला की ती खूण गेली, आणि ती होती तोवरही दुसऱ्या कोणाला तिचा उपयोग नव्हता. २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेल्या ‘डिलिशस’ने या खुणा इंटरनेटवर आणल्या आणि प्रत्येक खुणेला आपल्या शब्दांत टॅग, म्हणजे विषय सांगणारी चिठ्ठी, लावण्याची सोय दिली. हातमागाचा टॅग जगात ज्या ज्या वाचकाने वापरला, त्या सगळ्यांनी जतन केलेली पाने एका ठिकाणी दिसू लागली. पुढे २००४ मध्ये ‘डिग’ आणि २००५ मध्ये ‘रेडिट’ आले. तिथे वाचकांच्या मतांनुसार पान वर चढू किंवा खाली जाऊ लागले. ‘स्टंबलअपॉन’ आपल्या आवडीच्या विषयातील एखादे अनपेक्षित पान समोर ठेवत असे. या सर्वांत केंद्रस्थानी पान होते, ते कोणी मांडले याला दुय्यम महत्त्व होते. नेमक्या याच काळात, २००३ मध्ये लिंक्डइन आणि २००४ मध्ये ऑर्कुट व फेसबुक सुरू झाले आणि तिथे केंद्रस्थानी माणूस आला. वाचनालयातील विषयवार सूची आणि गावातील पार यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. सूचीपाशी अनोळखी माणूस आपल्या गरजेने येतो. पारावर ओळखीची माणसे जमतात आणि बोलता बोलता एखाद्या दुकानाचे नाव निघते.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळते. तुमच्यापैकी अनेकांना ‘तुमची वेबसाइट शेकडो बुकमार्किंग साइटवर टाकून देतो, गुगलवर पहिल्या पानावर आणतो’ असे सांगणारे फोन आणि ईमेल आलेले असतील. या व्यवहाराचे मूळ समजून घ्या. एखाद्या पानाकडे बाहेरून किती आणि कोणते दुवे येतात, याला गुगलने सुरुवातीपासून महत्त्व दिले. बुकमार्किंग साइटवर कोणालाही फुकट दुवा देता येत असल्यामुळे मार्केटिंग करणाऱ्यांनी तिथे दुव्यांचे ढीग रचले. त्यावर उपाय म्हणून गुगल आणि इतर सर्च कंपन्यांनी जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण पुढे आणली. ती लावलेला दुवा म्हणजे त्या पानाची शिफारस नव्हे, असे सर्च इंजिनला सांगण्याची ही सोय होती. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला आणि कृत्रिमरीत्या जमवलेल्या दुव्यांच्या बळावर वर आलेली असंख्य संकेतस्थळे खाली गेली. आजही गुगलच्या स्पॅमविषयक धोरणात निकृष्ट डिरेक्टरी (संकेतस्थळांच्या याद्या) आणि बुकमार्किंग साइटवरील दुव्यांचा उल्लेख दुव्यांच्या गैरवापराचे उदाहरण म्हणून नाव घेऊन केलेला आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, या पॅकेजवर एक रुपयाही खर्च करू नका. त्यातून ग्राहक येत नाही, कारण त्या साइटवर माणसेच नसतात. आणि ज्या सर्च इंजिनसाठी हा खटाटोप केला जातो, ते हे दुवे एक तर मोजत नाही किंवा तुमच्याच विरुद्ध मोजते.

मूळ बुकमार्किंग साइटचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. डिलिशस २००५ मध्ये याहूने विकत घेतले, त्यानंतर ते अनेकदा हात बदलत राहिले आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या दुसऱ्या बुकमार्किंग साइटने विकत घेऊन ते केवळ वाचण्यापुरते ठेवले. डिगने २०१० मध्ये केलेली नवी रचना वापरणाऱ्यांना मानवली नाही, अनेक जण रेडिटकडे गेले आणि २०१२ मध्ये डिग विकले गेले. स्टंबलअपॉन २०१८ मध्ये बंद झाले. यावरून ‘बुकमार्किंग संपले’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात आणि तो मला मान्य नाही. जतन करण्याची माणसाची सवय संपलेली नाही, तिने जागा बदलली आहे. २०१० मध्ये आलेले पिंटरेस्ट हे मुळात चित्रांचे बुकमार्किंगच आहे. इन्स्टाग्रामने २०१६ च्या अखेरीस पोस्ट जतन करण्याची सोय दिली. यूट्यूबवरची ‘नंतर पाहा’ ही यादी त्याच कुळातील आहे. विक्रेत्याने विचार करायचा तो या सवयीचा.

येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घेऊ, कारण इथे हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. मुलीचे लग्न ठरले की पैठणीची खरेदी एका दिवसात होत नाही. नवरी मुलगी, तिची आई, मावशी अशा सगळ्या जणी बस्त्याच्या आधी कितीतरी आठवडे रंग पाहतात, काठ पाहतात, मुनिया की बांगडी मोर, नारळी काठ की आसावली यावर चर्चा करतात आणि आवडलेली चित्रे कुठे तरी साठवून ठेवतात. पिंटरेस्टवर जतन केलेल्या चित्रामागे मूळ पानाचा दुवा टिकून राहतो. म्हणजे तीन महिन्यांनी ती मुलगी पुन्हा त्या चित्राकडे आली, तरी एका स्पर्शात ती विक्रेत्याच्या पानावर पोहोचू शकते. मात्र त्या पानावर काही तरी असले पाहिजे. हातमागावरची अस्सल पैठणी कशी ओळखावी हे तिथे नीट सांगितलेले असावे : पदरावरील नक्षीचे धागे एकमेकांत गुंतवून विणलेले असतात, म्हणून मोराची उलटी बाजूही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागावरील साडीच्या मागे बहुधा सुटे, लोंबते धागे दिसतात. दोन्ही बाजूंचे मोठे, स्वच्छ छायाचित्र आणि खाली हे चार परिच्छेद, एवढे असेल तर ते पान लोक जतन करतात, बहिणीला पाठवतात आणि दुकानात येताना ते उघडून घेऊन येतात. ‘पैठणीवर भव्य सवलत’ ही पट्टी कोणीही जतन करत नाही.

भांडी बाजारालाही हेच लागू पडते. पितळेच्या भांड्याला कल्हई का लागते, चिंच, आमसूल किंवा ताक घातलेला पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात का ठेवू नये, कल्हई उडाली हे कसे ओळखावे, याची सचित्र माहिती आपल्या दुकानदारांच्या जिभेवर असते. ते ज्ञान रोज गिऱ्हाइकापुढे तोंडी सांगितले जाते आणि तिथेच विरते. ते लिहून ठेवले तर जतन करण्याजोगे होते. मला नाशिकच्या व्यापाऱ्यांविषयी सर्वांत जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते की, सांगण्याजोगे इतके असूनही ते कुठे मांडलेले नसते.

नेटवर्किंग साइटचे बळ वेगळे आहे. तिथे पोस्टचे आयुष्य अल्प असते. इन्स्टाग्रामची स्टोरी तर २४ तासांत नाहीशी होते. पण तिथे ओळख टिकते आणि ताजेपणाला किंमत असते. दिंडोरीच्या बागायतदाराने ‘आज सकाळी तोडलेला माल उद्या शहरात पोहोचेल’ असे सांगितले, तर त्या बातमीचा उपयोग दोनच दिवस आहे आणि ती दोनच दिवस जगली तरी पुरे. अशा नाशवंत मालासाठी, महिन्याभराच्या हंगामासाठी आणि रोज बदलणाऱ्या भावासाठी नेटवर्किंग हेच योग्य साधन आहे. त्याच्या मर्यादा मात्र ओळखून असावे. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की, न्यूज फीडमध्ये, म्हणजे फेसबुक उघडताच दिसणाऱ्या पोस्टच्या यादीत, मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला व्यावसायिक पानांपेक्षा अधिक प्राधान्य दिले जाईल. तेव्हापासून ‘आमच्या पानाला इतके हजार लाइक आहेत’ या वाक्याला फारसा अर्थ उरलेला नाही. त्या हजारांपैकी फारच थोड्यांपर्यंत तुमची पोस्ट पैसे न मोजता पोहोचते. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालील मजकुरात टाकलेला दुवा दाबून उघडता येत नाही. तो प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरमध्ये द्यावा लागतो. ग्राहकाने आपल्या आवाराबाहेर जाऊ नये अशीच या साइटची रचना आहे, आणि बुकमार्किंगची मूळ रचना ग्राहकाला बाहेरच्या पानाकडे नेण्याची आहे. तुलनेचा हा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण वेबसाइटवर विक्री करणाऱ्यासाठी तो निर्णायक आहे.

व्हॉट्सॲपचा वेगळा विचार करावा लागतो, कारण महाराष्ट्रात प्रत्यक्ष व्यवहार शेवटी तिथेच ठरतात. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाचा कॅटलॉग ठेवता येतो. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, संदेश मात्र ज्याने तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच पोहोचतो, आणि मला ही अट योग्य वाटते. ज्याने तुमचा क्रमांक साठवण्याचे कष्ट घेतले, त्याच्याशीच बोलावे. गावातल्या प्रत्येक समूहात जाहिरात टाकणाऱ्या व्यापाऱ्याविषयी लोकांच्या मनात जी अढी बसते, ती कोणत्याही सवलतीने जात नाही.

अंबड आणि सातपूरच्या कारखानदारांनी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मागे फार लागू नये. त्यांचा ग्राहक दुसऱ्या कारखान्याचा खरेदी विभाग आहे. तो यंत्राची क्षमता, मापातील अचूकता, गुणवत्तेची प्रमाणपत्रे पाहतो, आणि तो लिंक्डइनवर व गुगलवर भेटतो. तिथे कारखान्याच्या पानापेक्षा मालकाने किंवा अभियंत्याने स्वतःच्या नावाने, एखादी तांत्रिक अडचण कशी सोडवली हे लिहिले, तर त्याचे वजन अधिक असते.

रेडिटविषयी सावधगिरीचा शब्द सांगते. तिथे प्रत्येक विषयाचे स्वतंत्र दालन असते, त्याचे नियम तिथलेच स्वयंसेवक ठरवतात, आणि उघड जाहिरात बहुतेक ठिकाणी काढून टाकली जाते. पण लोक तिथे खरे प्रश्न विचारतात. नाशिकला दोन दिवस आलो तर काय पाहावे, द्राक्षांचा हंगाम कधी असतो, असे विचारणाऱ्याला आपल्या हॉटेलचे नाव न घेता नेमके उत्तर देणारा माणूस तिथे विश्वास कमावतो. कोरा या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या मराठी आवृत्तीवरही हे करता येते. द्राक्ष पर्यटनाच्या व्यवसायात असणाऱ्यांनी मद्याच्या जाहिरातीवरील कायदेशीर बंधने मात्र लक्षात ठेवावीत. बागेविषयी, निवासाविषयी, शेतीविषयी लिहावे. कोणा प्रसिद्ध व्यक्तीला पैसे किंवा माल देऊन पोस्ट करवून घेतली असेल, तर ती जाहिरात असल्याचे पोस्टवर स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे तसे सांगतात.

यातले काय उपयोगी पडले, हे मोजायचे कसे? लाइक मोजू नका. नेटवर्किंगवर आलेली विचारणा मोजा, आणि जतन होणाऱ्या मजकुरासाठी ‘सेव्ह’चा आकडा आणि वेबसाइटवर आलेली माणसे मोजा. प्रत्येक ठिकाणी दुवा देताना त्याच्या शेवटी यूटीएमची खूण, म्हणजे तो दुवा कुठे दिला हे सांगणारे शब्द, जोडली, तर गुगल ॲनालिटिक्स या वेबसाइटवरील भेटी मोजणाऱ्या साधनात कोण कुठून आले ते वेगळे दिसते. ही खूण नसेल तर व्हॉट्सॲपवरून आलेले बरेचसे लोक ‘थेट आलेले’ म्हणून नोंदले जातात आणि मालकाला वाटते की व्हॉट्सॲपचा काही उपयोग नाही. बुकमार्किंगचे मोजमाप करताना घाई करू नये. आज टाकलेल्या पिनचा, म्हणजे पिंटरेस्टवरील चित्राचा, निकाल आठवड्यात पाहणे म्हणजे तिला न्याय न देणे होय. तो हंगामाच्या शेवटी पाहावा.

आणि शेवटचा, पण माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे लाखो अनुयायी जमवलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातील कलाकारांच्या हाती एका रात्रीत काही उरले नाही. वाचकांची पाने जतन करणारे ‘पॉकेट’ २०२५ मध्ये बंद झाले. दोन्ही प्रकारची संकेतस्थळे दुसऱ्याच्या मालकीची आहेत. म्हणून स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे आपल्या नावाने घेतलेल्या वेब-पत्त्यावर, स्वतःच्या ताब्यातील पाच-सात पाने आधी करून घ्या. त्यात पत्ता, दुकानाची वेळ, मालाची खरी छायाचित्रे, आणि वर सांगितल्याप्रमाणे ग्राहकाला उपयोगी पडेल असा मजकूर मराठीत आणि शक्य असल्यास हिंदी-इंग्रजीतही असावा. सिंहस्थाच्या पर्वात नाशिक-त्र्यंबकेश्वरला देशभरातून येणारा यात्रेकरू निवासाची, वाहनतळाची, घाटापर्यंतच्या वाटेची माहिती निघण्याच्या कितीतरी आधी शोधून साठवून ठेवतो. पंचवटीतील एखाद्या लॉजमालकाने ती माहिती हिंदीत, नकाशासह, आपल्या पानावर पर्वापूर्वी मांडली, तर तेच पान बुकमार्क होईल, तेच व्हॉट्सॲपवर फिरेल. आणि गुगलला ते सापडून स्थिरावायला वेळ लागत असल्यामुळे हे काम गर्दी सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी झालेले असावे लागते.