आकाशातलं भांडकुदळ घराणं

नोव्हेंबरची रात्र, नऊचा सुमार. उत्तरेकडे तोंड करून मान वर करा. पाच ठळक तारे, इंग्रजी एमसारखे मांडलेले. ही शर्मिष्ठा. ग्रीकांची कॅसिओपिया, इथिओपियाची राणी.

राणी देखणी होती, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं. ‘सागरकन्यांपेक्षा मी सुंदर’, असं बोलून बसली. गाऱ्हाणं समुद्रदेव पोसायडनकडे गेलं. त्याने किनाऱ्यावर एक अजस्र जलचर सोडला. राजा सेफियसने कौल लावला. कौल आला, लेकीचा बळी दे. बोलली आई आणि साखळदंड पोरीला! अँड्रोमेडाला खडकाशी जखडून सगळे मागे सरले.

तेवढ्यात पर्सियस नावाचा वीर तिथून चालला होता, झोळीत मेडुसा राक्षसिणीचं मुंडकं घेऊन. त्याने जलचराला मारलं, पोरीला सोडवलं, लग्न केलं.

मराठीत या मंडळींच्या तारकासमूहांचं बारसं महाभारतातून झालं. सेफियस वृषपर्वा, अँड्रोमेडा देवयानी, पर्सियस ययाति. बारसं करणाऱ्याने डोकं लढवलंय. आपल्या कथेत शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते आणि ययाति तिला हात धरून वर काढतो. तिकडे खडक, इकडे विहीर. फक्त नात्यांचा घोळ होतो. तिकडे राणी ही राजाची बायको, इकडे शर्मिष्ठा वृषपर्व्याची मुलगी!

राणीला शिक्षा झाली ती ध्रुवाभोवती फिरत राहण्याची, अर्धा वेळ डोकं खाली, पाय वर. अथेन्सहून ती कधी मावळतच नाही, त्यामुळे तिची ही फजिती साऱ्या गावासमोर. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा-वीस अंश वर. त्यामुळे इथे ती रोज काही तास क्षितिजाआड जाते. तेवढीच सुटका.

ययातीच्या हातातल्या मुंडक्यात एक तारा आहे, अल्गोल. अरबीत घूल म्हणजे पिशाच. दर २ दिवस २१ तासांनी तो मंदावतो आणि पुन्हा उजळतो. १७८३ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने एक कारण सुचवलं. एखादा अंधारा सोबती त्याच्यासमोरून जात असावा. गुडरिक तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि बहिरा. पुढच्याच वर्षी त्याने वृषपर्व्यातला एक तारा हेरला, ५ दिवस ९ तासांच्या ठेक्याने कमी-जास्त होणारा. एकविसाव्या वर्षी तो गेला.

तशा ताऱ्यांना राजाचंच नाव पडलं, सेफीड. १९१२ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवलं, की ठेका जितका संथ तितका तारा मुळात तेजस्वी. म्हणजे घड्याळ लावायचं, तारा मुळात किती तेजस्वी ते ओळखायचं, इथून किती मंद दिसतो ते पाहायचं आणि अंतर काढायचं.

ऑक्टोबर १९२३. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेची १०० इंची दुर्बीण. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानीतल्या एका धूसर ठिपक्याचा फोटो घेतला. त्यातल्या एका बिंदूला नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला ‘नोव्हा’ समजून फोटोच्या काचेवर ‘एन’ लिहिला. मग जुन्या काचा ताडून पाहिल्या, ‘एन’ खोडला आणि लाल शाईने ‘व्हीएआर’, म्हणजे व्हेरिएबल, कमी-जास्त होणारा तारा, असं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं. तो सेफीड होता. लेकीच्या अंगणातलं अंतर बापाच्या मापाने निघालं, आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळीच दीर्घिका (गॅलेक्सी) ठरला. आजच्या हिशेबाने सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

शर्मिष्ठेच्या एमचं जास्त टोकदार शिखर धरा आणि तसेच वर सरका. एक भुरका डाग दिसेल, तोच हा ठिपका. दुर्बीण नसली तरी चालेल, गावाचे दिवे मात्र मागे पडलेले हवेत.