भान हरपते म्हणजे नेमके काय हरपते?

(दृश्य: महाशिवरात्रीची पहाट. तेलंगखेडीच्या शिवमंदिराकडे जाणारा रस्ता.)

नागपूरच्या तेलंगखेडीत महाशिवरात्रीच्या पहाटे बेलपानांच्या जुड्यांशेजारी धोतऱ्याची फळे मांडलेली दिसतात. लिंबाएवढे, अंगभर काटे असलेले हे हिरवे फळ चिरले, तर आत चपट्या बिया दाटीने बसलेल्या असतात. त्याच दिवशी शहरात कुठे ना कुठे पाट्यावर भांगही वाटली जात असते. या दोन्ही वनस्पती शंकराला प्रिय मानल्या गेल्या, दोन्हींची गणना आयुर्वेदाने उपविषांत केली आणि दोन्हींबद्दल आपण सरसकट ‘माणसाचे भान हरपते’ असेच म्हणतो. देहभान, काळवेळेचे भान, मीपणा आणि शुद्ध असे वेगवेगळे शब्द मराठीपाशी असताना ते येथे वापरायला हवेत, कारण प्रत्येक वनस्पती यांपैकी वेगळ्याच धाग्याला हात घालते.

भांग हात घालते ती काळाच्या भानाला. जे आधी सर्व शरीरात पसरते आणि मग पचते, त्या द्रव्याला आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने ‘व्यवायी’ म्हटले आणि उदाहरण म्हणून भांगेचे आणि अफूचे नाव घेतले. पोटात गेलेल्या भांगेतील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य सावकाश शोषले जाऊन यकृतात पोहोचते आणि तेथे त्याचे आणखी प्रभावी रूप तयार होते, त्यामुळे परिणाम उशिरा, पण जोरकस जाणवतो. ‘काहीच चढली नाही’ म्हणत ज्याने दुसरा पेला घेतला, त्याला मग दोन्ही पेले एकदम गाठतात. मेंदूतील ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या जागांना, टीएचसी चिकटते, ते मुळात आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या रेणूंसाठी आहेत. त्यांतील एक रेणू १९९२ साली सापडला आणि संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवले गेले. नुकताच गेलेला क्षण पुढच्या क्षणाला जोडणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात हे ग्राही दाट असतात. म्हणून भांग चढलेल्या माणसाला वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नाही आणि पाच मिनिटे तासाभरासारखी लांबतात. आपले नाव आणि आपले घर मात्र त्याला बहुधा ठाऊक असते.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील आयाहुआस्का याहून खोल जाते. केचुआ भाषेतील या नावाचा अर्थ ‘मृतात्म्यांची वेल’ असा केला जातो. हा काढा सहसा एक वेल आणि एका झुडपाची पाने एकत्र उकळून केला जातो. पानांतील डीएमटी हे भास निर्माण करणारे द्रव्य नुसते गिळले तर आतडे आणि यकृत यांतील विकर (एन्झाइम) ते निकामी करते. वेलीतील हार्मिनसारखी द्रव्ये त्याच विकराला रोखून धरतात. हजारो वनस्पतींच्या त्या जंगलात नेमकी ही जोडी ओळखणाऱ्या लोकांच्या ज्ञानापुढे मान लवते. तेथे हा काढा जाणत्या वैदूच्या देखरेखीखाली, रात्रभर चालणाऱ्या गाण्यांच्या सोबतीने घेतला जातो, आणि घेणारे अनेक जण सांगतात की आपले अंग कोठे संपते आणि बाहेरचे जग कोठे सुरू होते, ही सीमाच पुसट होते.

सिलोसायबिन हे द्रव्य ज्या भूछत्रांत असते ती काटेकोरपणे वनस्पती नव्हेत, पण मीपणाविषयीचे महत्त्वाचे संशोधन त्याच द्रव्यावर झाले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २००६ सालच्या अभ्यासात ३६ स्वयंसेवक होते. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत गणला, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना त्याच बैठकीत तीव्र भीतीही वाटली. पहिला आकडा सांगताना दुसरा गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पुढे २०१२ साली लंडनच्या संशोधकांनी या द्रव्याच्या अमलाखालील मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. आपण स्वस्थ बसून स्वतःचाच विचार करत असताना जे जाळे जागे असते, त्याची प्रमुख केंद्रे तेव्हा शांत झालेली दिसली. ‘मी अमक्याचा मुलगा, माझे असे झाले, मला तसे करायचे आहे’ ही आतली कहाणी थांबते, तरी ती थांबल्याचे कोणीतरी पाहत असते. आपल्याकडे ज्याला साक्षी म्हणतात, तो बहुतेकांच्या बाबतीत जागा राहतो, आणि म्हणूनच ते नंतर येऊन सांगू शकतात.

(दृश्य: रेल्वे रुळांच्या कडेला उगवलेला धोतरा, जवळून.)

धोतरा नेमका हा साक्षीच हिरावून घेतो. त्यातील अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये असिटिलकोलिन या संदेशवाहकाची वाट अडवतात, आणि तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते. समोर नसलेल्या माणसाशी रुग्ण अगदी सहज बोलतो, कारण तो माणूस समोर नाही ही शंकाच त्याला येत नाही. यात साधनेचे काही नाही. हा निखळ विषारी भ्रम आहे आणि त्यात जीवही जातो.

विदर्भाला हे अ‍ॅट्रोपिन आणखी एका वाटेने ठाऊक आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा कीटकनाशकांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषावर अ‍ॅट्रोपिन हाच मुख्य उतारा आहे. तो भरपूर द्यावा लागतो आणि मात्रा थोडी पुढे गेली, तर वाचलेला रुग्ण बरळू लागतो. हवेतले नसलेले धागे, चादरीवरच्या नसलेल्या काड्या चिमटीने वेचत राहतो. डॉक्टर तेव्हा मात्रा कमी करतात. पुढे तो शुद्धीवर आला, की आज वार कोणता हे विचारतो, आणि मधल्या काळात आपण काय बोललो, कोणाला हाका मारल्या, हे त्याला उशाशी बसून राहिलेल्या बायकोकडून ऐकावे लागते.