कुठलं पेज बाहेर काढायचं?

मित्रहो, बग म्हटलं की आपण कोडमधली चुकलेली ओळ शोधायला लागतो. मेमरी भरल्यावर कुठलं पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, बाहेर काढायचं, या प्रश्नात अशी ओळ बऱ्याचदा नसतेच. पुढं कशाची गरज लागेल याचा तो अंदाज असतो. एकाच्या डेटाबेस सर्व्हरवर तो बरोबर येतो, दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर सपशेल फसतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली. त्यातली मेमरी व्यवस्था मुख्यतः रिक व्हॅन रील यांची. लोड वाढला की काही मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे पेजेस डिस्कवर टाकण्यात आणि परत आणण्यात, रुतायची, अशा तक्रारी येत राहिल्या. रिक यांचं म्हणणं होतं, दुरुस्तीचे पॅच पाठवतो, पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ते घेत नाहीत. सप्टेंबरमध्ये २.४.१० आलं, आणि लिनस यांनी रिक यांची व्यवस्था काढून आंद्रेआ आर्कांजेली यांची बसवली. तीही स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेच्या मध्यात! कर्नलवर काम करणारे आणखी एक प्रमुख, अ‍ॅलन कॉक्स, यांना ते पटलं नाही. कर्नलच्या आपल्या वेगळ्या शाखेत त्यांनी रिक यांचीच व्यवस्था चालू ठेवली. म्हणजे काही काळ एकाच २.४ च्या दोन मेमरी व्यवस्था जगात चालू होत्या.

माझं मत स्पष्ट सांगतो. आंद्रेआ यांचा कोड सुटसुटीत होता, त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता यायचा. पण भरवशावर सर्व्हर चालवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन अशी काढून घ्यायला नको होती.

खरी अडचण दोघांनाही छळत होती. सी लायब्ररीचं एक पेज घ्या. शंभर प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, ते वापरतायत. कुठलं पेज मेमरीत कुठे आहे, याचं प्रत्येक प्रोसेसचं एक पेज-टेबल असतं. ते बाहेर काढायचं तर शंभरही पेज-टेबलांतली नोंद पुसायला हवी. पण हे पेज कोणाकोणाकडे आहे, ते २.४ ला थेट कळायचंच नाही. एकेका प्रोसेसची टेबलं चाळत बसावं लागे. रिक यांनी उलटी नोंद आणली: प्रत्येक पेजला, ते वापरणाऱ्यांची साखळी. २००२ मध्ये ती २.५ या पुढच्या, प्रयोगांसाठीच्या मालिकेत दाखल झाली.

तिचीही किंमत होती. फोर्क केला, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढली, की प्रत्येक पेजच्या साखळीत नवी कडी जोडायची, त्यामुळे फोर्क मंदावला. ३२-बिट मशीनवर कर्नलला थेट वापरता येणारी मेमरी ९०० एमबीच्या आतबाहेर. हजारो प्रोसेस तीच मेमरी वाटून घेऊ लागले, की या कड्यांनीच ती भरायची. मग पुन्हा वाद, पुन्हा पॅच.

२००४ च्या २.६.७ मध्ये त्या साखळ्या गेल्या. नोंद एकेका पेजऐवजी मेमरीच्या सलग पट्ट्यावर ठेवायची, अशी नवी रचना आली. उलट्या नोंदीची कल्पना रिक यांची तशीच राहिली. प्रोसेसच्या खासगी पेजेससाठी ती ज्या रचनेवर उभी राहिली, ती मात्र होती आंद्रेआ यांची.