राक्षसाला पण नैवेद्य असतो

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, जिथनं कुठनं ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज राक्षसांबद्दल बोलायचंय. देवांबद्दल पण बोलणार, कारण आपल्याकडं देव आणि राक्षस वेगळे काढून बोलताच येत नाही, आणि मला मुद्दाम तेच सांगायचंय.

खंडोबाचं घ्या. आपल्या भागात कितीतरी घरांचं कुलदैवत, आणि कागवाडकडचं मंगसुळी तर आपल्याच जिल्ह्यातलं ठाणं, तिथं मराठी घरातली माणसं येतात, कन्नड घरातली येतात, कोण खंडोबा म्हणतं, कोण मैलार, कोण मल्लय्या, आणि भंडारा सगळ्यांच्या कपाळाला एकच. आता गोष्ट तुम्हाला माहितीच असणार. मणी आणि मल्ल दोघं भाऊ, ब्रह्मदेवाचा वर मिळाल्यावर माजले, ऋषींचे आश्रम मोडले, मग शंकरानं मार्तंड भैरवाचं रूप घेतलं आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला त्यांचा निकाल लावला. एवढं सगळे सांगतात, सिरीयलवाले पण सांगतात. पण पुढचं बघा. मणी पडला आणि शरण आला, आपला पांढरा घोडा त्यानं देवाला दिला, आणि मागितलं काय, तर जिथं तुझं देऊळ तिथं मला पण जागा पाहिजे, लोकांचं कल्याण होऊ दे, आणि मला बकऱ्याचा नैवेद्य मिळू दे. देवानं दिलं की ओ! म्हणून तर जेजुरीला मणीची मूर्ती आहे आणि माणसं तिला हात जोडतात. म्हणजे ज्याला मारलं त्याच्याच घोड्यावर देव बसला आणि ज्याला मारलं त्याला देवळात जागा दिली.

मल्लाचं तसं झालं नाही. एका कथेत तो मरताना सुद्धा जगाचा नाश मागतो, माणसाचं मांस मागतो, मग देव त्याचं मुंडकं उडवतो आणि ते पायऱ्यांवर पडतं, येणारा जाणारा त्यावर पाय देऊन वर जातो. दुसऱ्या कथेत तोच मल्ल एवढंच मागतो की तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे, आणि आपण आजपर्यंत मल्हारी मल्हारी म्हणतोय. एकच राक्षस, दोन शेवट, आणि दोन्ही सांगणारी माणसं भक्तच. कुणी कुणाला खोटं पाडलं नाही. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं, कारण आज कोणी पुराणातली गोष्ट जरा वेगळी सांगितली की लगेच भांडणं लागतात, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांनी तर हे कधीपासून चालवलंय.

आता दिवाळीचा नरकासुर. गोव्यात तर त्याच्या स्पर्धाच असतात, आणि आपल्याकडं पण गल्लीगल्लीत पोरं करतात. बांबूचा सांगाडा बांधायचा, त्यात भाताचं पिंजर कोंबायचं, वरून पोती, मग रद्दी पेपर खळीनं थरावर थर चिकटवत जायचे, ते वाळायला दोन दिवस, आणि मग खरं काम सुरू होतं ते तोंडाचं. दात किती लांब, जीभ कुठपर्यंत, डोळे पांढरे ठेवायचे का लाल, ह्याच्यावर पोरं रात्र रात्र वाद घालतात, एक जण शिडीवर, खालनं चारजण ओरडतात, "अरे डावा डोळा बारीक झालाय की, वर घे, वर!" एवढ्या मायेनं ती पोरं देवाची मूर्ती सुद्धा बघत नसतील. आणि पहाटे त्याला जाळायचं. घरात त्याच पहाटे आपण पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतो, तो पण नरकासुरच.

पण त्याचा शेवटचा भाग हल्ली कोण सांगत नाही, साउंड सिस्टीमच्या आवाजात तो ऐकायला पण येणार नाही. नरकासुर भूदेवीचा मुलगा, पृथ्वीचं लेकरू. सोळा हजार बायका त्यानं कोंडून ठेवलेल्या, कृष्णानं त्या सोडवल्या, ह्यात त्याला माफी नाहीच. तरीपण मरताना त्यानं मागितलं की आजच्या तिथीला जो पहाटे अंघोळ करेल त्याला नरकाची पीडा नको. आपण उटणं लावून, तेल चोळून कुडकुडत अंघोळ करतो ती ह्या राक्षसाच्या मागण्यावरनं. हे पोरांना सांगितलं तर पुतळा करायची मजा कमी होत नाही, उलट त्या तोंडाकडं ती वेगळ्या नजरेनं बघतील असं मला वाटतं.

पाडव्याला तर आपण सरळ असुराचं राज्य मागतो. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. गोठ्यात शेणाचे पांडव मांडलेले असतात, बैलांना ओवाळतात, आणि ज्याला वामनानं पाताळात घातलं त्या बळीराजाची वाट बघतात. शेजारच्या कन्नड घरात पण बलिपाड्यमी असतेच. आणि नव्या नजरेनं पुराण सांगायचं म्हणाल तर महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये गुलामगिरी लिहिली तेव्हाच ते करून ठेवलंय. त्यांनी बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हटलं, आणि आपला खंडोबा आणि म्हसोबा ह्या देवांना त्या बळीच्या राज्यातले अधिकारी म्हटलं. म्हणजे ज्यांना आपण देव म्हणून पुजतो ते एका असुराच्या कारभारातले! पटो न पटो, पण दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाची एवढी हिंमत होती आणि त्यामागं कारण होतं, शेतात राबणाऱ्याची बाजू होती.

म्हणून आताच्या नव्या गोष्टींबद्दल माझं म्हणणं ऐका. 2014 ला जय मल्हार सिरीयल आली तेव्हा घराघरात सगळे जेवणं आटपून बसायचे, लहान पोरांना बाणाई, म्हाळसा, हेगडी प्रधान सगळे पाठ झाले, हे चांगलंच झालं. 2022 ला कांतारा हा कन्नड सिनेमा आला आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीचं भूतदैवत, पंजुर्ली आणि गुळिगा, सगळ्या देशाला कळलं. हे मला मनापासून आवडलं कारण ते देव त्यांच्या मातीसकट आले, त्यांचा राग, त्यांची जमीन, त्यांचा मान, सगळं घेऊन आले. पण फोनवर स्टेटसला फिरतात ती चित्रं बघा, कॉम्प्युटरनं बनवलेली, सगळे राक्षस एका साच्यातले, शिंगं, लाल डोळे, फुगलेले दंड, आणि देव पण तसेच, व्यायामशाळेतनं आल्यासारखे, चेहऱ्यावर नुसता राग. त्यात मणी कुठला आणि मल्ल कुठला ओळखून दाखवा. आणि दुसरीकडं काही लिहिणारे फक्त पाट्या बदलतात, राक्षस तो हिरो आणि देव तो व्हिलन, झालं. रावणाची बाजू मांडा की, जरूर मांडा, तो वीणा वाजवणारा, शिवभक्त, विद्वान होताच, पण मग सीतेचं काय? तिला उचलून नेलं ते कुठं जाणार? बाजू मांडताना तो अन्याय गायब करून टाकला की मला ती गोष्ट वाचवत नाही.

आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडं गेलं की दशावतारात संकासुर भेटतो. डोक्यापासनं पायापर्यंत काळा, वेद चोरणारा, विष्णूकडनं मरणारा, आणि मरायच्या आधी लोकांना पोट धरून हसवणारा. मालवणीत बोलतो, कुणाची भीड ठेवत नाही. पोरं त्याचीच वाट बघत जागी असतात.

आणि आपल्या इकडचा दोड्डाट, म्हणजे कन्नड लोकनाट्य. गोकाक, अथणीकडच्या खेड्यात अजून कुठं कुठं रात्रभर चालतो, कन्नडमध्ये असतो पण आमची मराठी माणसं पण घोंगडं घेऊन जाऊन बसतात, समजायला काही अडत नाही. त्यात राक्षस आला की आधी त्याला कोण मारत नाही. किरीट, खांद्यावर भुजकीर्तीचा दागिना, पायात घुंगरं, मद्दळे ढोलाच्या तालावर तो दणदण नाचत येतो, आणि सारथी, म्हणजे खेळ पुढं नेणारा माणूस, त्याला मानानं विचारतो, राजा तू कोण, कुठला, इथं कशाला आलास. मग तो सांगतो. आपलं कुळ सांगतो, पराक्रम सांगतो, हवं तेवढा वेळ घेऊन सांगतो, आणि अख्खं गाव ऐकून घेतं. मारायचं ते नंतर. नवीन सिरीयल लिहिणाऱ्यांनी, कार्टून बनवणाऱ्यांनी एक रात्र तिथं येऊन बसावं अशी माझी फार इच्छा आहे. ह्या वर्षी जत्रेत तुमच्या गावात खेळ ठरला तर पंचांना सांगून मंडप जरा मोठा घाला, पोरांना पुढं बसवा, आणि त्या कलाकारांचं मानधन खेळ संपल्या संपल्या हातात द्या.

धन्यवाद मंडळी.