मुक्ताचा निबंध

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचे ट्रक रिकामे होत आहेत आणि पाठीवर पोती घेतलेले हमाल वाकून गाळ्यांकडे निघाले आहेत. लहानपणापासून गुलटेकडी म्हणजे बाजार, एवढेच मला ठाऊक होते. या नावाशी जोडलेली दुसरी आठवण मला फार उशिरा, १८५५ साली छापल्या गेलेल्या एका निबंधात वाचायला मिळाली.

तो निबंध मुक्ता साळवे हिचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातील मुलगी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ या नावाने तिचे लेखन ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत दोन भागांत आले. दलित स्त्रीचे आज उपलब्ध असलेले पहिले लेखन म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात.

मुक्ता लिहिते की बाजीरावाच्या, म्हणजे शेवटचा पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या, राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ चालत असे. पेशवाई १८१८ साली संपली होती, म्हणजे हे तिने स्वतः पाहिलेले नव्हते. वाडी-वस्तीवरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते तिच्यापर्यंत आले असणार. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची आठवण सदतीस वर्षे केवळ बोलण्यात जिवंत राहिली आणि त्यांच्यातील एका मुलीच्या हाती लेखणी येताच ती कागदावर उतरली. पेशव्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी वाचत मी मोठा झालो. त्या गोष्टींचे शहर आणि या निबंधातले शहर एकच आहे, हे स्वीकारायला मला बरेच दिवस लागले.

याच निबंधात वाचनाचाही उल्लेख आहे. मांग-महारांपैकी कोणाला वाचता येते असे बाजीरावाला कळले, तर दप्तराचे, म्हणजे सरकारी कागदपत्रांचे, काम आता यांना देऊन ब्राह्मणांनी हजामतीच्या सामानाच्या धोकट्या बगलेत मारून फिरावे की काय, असे तो विचारी आणि त्या माणसाला शिक्षा करी, असे ती सांगते. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो. अक्षरओळख म्हणजे दप्तर आणि दप्तर म्हणजे सत्ता, हे शाळेची पायरी चढलेल्या पहिल्याच पिढीतील मुलीला इतके स्वच्छ दिसत होते.

वाचनाने मत बनते असे आपण सहज म्हणतो, परंतु मुक्ताच्या बाबतीत वाचनाने नेमके काय केले, हे तिच्या युक्तिवादात दिसते. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे ती क्षणभर मान्य करते आणि तेच धरून शेवटापर्यंत जाते: वेद जर त्यांचेच असतील, तर आम्हाला धर्मपुस्तक नाही, आणि धर्मपुस्तक नसेल तर आम्ही धर्मरहित आहोत. मग आमचा धर्म कोणता, हे देवालाच विचारून ती पुढे म्हणते की ज्या धर्मात एकानेच उपभोग घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे, तो धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा. दुःख तिच्या वस्तीत आधीपासूनच होते. ते दैवाचे नसून माणसांनी घडवलेले आहे, हे पायरीपायरीने मांडण्याची शिस्त तिला शाळेने दिली.

आपल्या माणसांनाही ती सोडत नाही. महार स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात आणि त्यांनाही मांगांचा विटाळ होतो, हे ती स्पष्ट लिहिते. इंग्रजी राज्याबद्दलची तिची कृतज्ञता आज वाचताना मला अवघडल्यासारखे होते, तरी गुलटेकडीवरून निर्भयपणे जाता येणे ज्यांना नव्यानेच लाभले होते, त्यांच्या जागी उभे राहिल्याशिवाय त्या ओळींचा न्याय करू नये, असे मला वाटते.

निबंधात एक छोटा प्रसंग आहे. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते, मग थंडी, पाऊस आणि वाऱ्यात त्यांना किती दुःख होत असेल, असे विचारून मुक्ता वाचणाऱ्यांना सांगते की याचा विचार आपापल्या अनुभवावरून करा. ‘ज्ञानोदय’ हाती धरू शकणाऱ्या बहुतेकांच्या घरी तेव्हा बाळंतिणीसाठी वेगळी खोली असेल, बाजेखाली शेगडी असेल, दाराला पडदा असेल. आमच्याही जुन्या घरात तशी एक काळोखी, ऊबदार खोली होती आणि माझ्या वडिलांचा जन्म तिथेच झाला. मुक्ताचे ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आधी त्या खोलीचे छप्पर आठवले.