टिळकांनी सोडलेली दोन घरं

नमस्कार, श्रोतेहो.

"आमचा देवावर विश्वास आहे हो, पण हे धर्माचं प्रकरण काही झेपत नाही." लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, हे वाक्य हल्ली हमखास कानावर पडतं. बोलणारा माणूस बहुधा सकाळी देवापुढे उदबत्ती लावूनच घराबाहेर पडलेला असतो. स्वतःला नास्तिक म्हणवून घ्यायला त्याची जीभ रेटत नाही, आणि ट्रस्टी, वर्गणी, मानपान यांचा तर त्याला वीट आलेला असतो. हे दुखणं आजचं नाही. म्हणून तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षं मागे नेतो, तेव्हाच्या अहमदनगरला. तिथे एक टिळक राहत. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचं घर. संस्कृतचा व्यासंग, शीघ्रकवित्व, कीर्तनाचा नाद आणि एका जागी न टिकणारा स्वभाव. हिंदू धर्माच्या रूढींवर ते नाराज होते. इतके, की स्वतःच एक नवा धर्म काढावा असं त्यांच्या मनात घोळत होतं. (आपल्याकडे हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येऊन जातो, टिळकांनी निदान त्याची तत्त्वं तरी मांडून पाहिली.) अशात राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या आणि बायबलपर्यंत पोचल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि वर सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता. वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच.

आता इथे पाहण्यासारखं आहे ते असं. या क्षणापर्यंत सगळं एका माणसाचं आणि त्याच्या देवाचं चाललं होतं. कुणाला पत्ता नव्हता, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात चित्र पालटलं. विश्वास मनात होता तोवर तो खाजगी होता. डोक्यावर पाणी पडलं आणि तो नातेवाइकांचा, जातीचा, वर्तमानपत्रांचा विषय झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. देवाबद्दल त्या दोघांचं भांडण फारसं नव्हतंच. पंगत कुठली, पाणी कुणाच्या हातचं, मुलाची मुंज कशी होणार, यावर सगळं अडलं होतं.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं घेऊनच परतल्या. नवरा ख्रिस्ती, आणि बायकोचं पाणी वेगळं, चूल वेगळी. मग एके दिवशी एकटीने विचार करता करता त्यांनी प्रश्न सोडवला: जात देवाने केली की माणसाने? देवाने केलेली नसेल तर मी पाळते कुणासाठी? आणि त्यांनी ठरवून टाकलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. हे झालं तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, 1900 साली घेतला. मला स्वतःला हे टिळकांच्या धर्मांतराहून मोठं वाटतं. टिळकांच्या हातात निदान एक पुस्तक होतं. बाईंनी ना पुस्तक पुढे घेतलं ना धर्मगुरू.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. शिकवलं, लिहिलं, धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. पण इथेही तेच. चर्चची रीत परदेशी, चाली परदेशी, पगार मिशनचा आणि शब्दही मिशनचाच अखेरचा. टिळक म्हणत, मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो तो तुकोबांच्या पुलावरून. हे सांगणाऱ्या माणसाला ऑर्गनच्या सुरात भाषांतरित गाणी कशी रुचणार? त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, येशूचं कीर्तन उभं केलं.

त्यांच्याही आधी पंडिता रमाबाईंचं असंच झालं होतं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात ज्या सिस्टर त्यांना आईसारख्या होत्या त्यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडू लागले. क्रूसावरची अक्षरं लॅटिन कशाला, आमचं संस्कृत काय वाईट? हा त्यांचा एक प्रश्न. दुसरा जास्त झोंबणारा: हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या मुश्किलीने उतरवलं, आता दुसऱ्यांचं मानेवर घेऊ का? रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही. फक्त बिशपसाहेबांचं म्हणणं म्हणजे देवाचं म्हणणं, एवढं त्यांनी मान्य केलं नाही.

टिळकांनी अखेर 1917 मध्ये मिशनचा राजीनामा दिला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानायचं असेल तर आपली माणसं सोडून यायला नको, असा त्याचा रोख. ज्या बाप्तिस्म्यापायी स्वतःचा संसार उधळला, तोच त्यांनी इतरांसाठी ऐच्छिक करून टाकला. मिशनऱ्यांना हे कितपत रुचलं असेल, ते तुम्हीच ताडा.

आता सुरुवातीच्या त्या पंगतीतल्या मित्राला मी एक विचारीन. दोन घरं सोडून बाहेर पडलेला हा माणूस देवाबरोबर एकटा का नाही बसला? लगेच तिसरं घर बांधायला का घेतलं? मला वाटतं, ज्याला देव मनापासून आवडतो त्याला तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय करमत नाही. सांगायचं तर ऐकणारे हवेत, ऐकणारे जमायचे तर वार ठरवायला हवा, जागा हवी, सतरंजी कुणी घालायची हे ठरायला हवं. सतरंजीपासून ट्रस्टीपर्यंतचं अंतर फार नसतं, हेही खरं. म्हणून दर काही वर्षांनी कुणीतरी राजीनामा देत राहावं, या मताचा मी आहे.

दरबाराला आयुष्य फार लाभलं नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबाराने मूळ धरलं नाही. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांतच थांबलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्यांना टिळकांनी कसंबसं लिहावाचायला शिकवलं, त्या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले.

आणि टिळकांची भजनं? ती ज्या चर्चच्या चाकोरीला ते कंटाळले होते, त्याच चर्चने सांभाळली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. एखाद्या रविवारी मराठी चर्चमध्ये गेलात आणि पेटी-तबल्यावर अभंगाची चाल लागली, तर पानाच्या कोपऱ्यात नाव बघा. बहुतेक ना. वा. टिळक असेल.

नमस्कार.